अज्ञान गिऱ्हाईक

व्यापाऱ्याने आपला माल वाखाणावा आणि गिऱ्हाइकाने तो पारखून घ्यावा, ही बाजाराची जुनी रीत आहे. घेणाऱ्याला पारख असते, हे ह्या रीतीत गृहीत धरलेले असते. परंतु घेणारा सात वर्षांचा असेल आणि जाहिरात करमणुकीचा वेष घेऊन त्याच्या हातातील पडद्यावर अवतरली असेल, तर ह्या व्यवहारास सौदा म्हणावे काय? वेष्टनावरील व्यंगचित्रे, पुड्यातील खेळणी, लाडक्या खेळाडूंचे हसरे चेहरे ह्यांचा रोख आईबापांच्या विवेकावर नसून मुलांच्या हट्टावर असतो, हे उघड आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, पाच वर्षांखालील अतिवजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा २.१ होते, २०१९-२१ मध्ये ते ३.४ झाले. ह्याला केवळ जाहिराती कारण आहेत, असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच पाहणीत शेकडा ३५ हून अधिक बालकांची वाढ खुंटलेली आढळली. अशा देशात घरातला तुटपुंजा पैसा सकस आहाराऐवजी मीठ, साखर आणि तेल ह्यांनी भरलेल्या पुड्यांकडे वळावा, ही चैन आपणांस परवडणारी नाही.

कायदे नाहीत असे नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत अशा पदार्थांची विक्री व जाहिरात ह्यांस मनाई केली. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मुलांच्या कार्यक्रमांत व मुलांच्या खास वाहिन्यांवर त्यांच्या जाहिराती निषिद्ध ठरविल्या. २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाला इंटरनेटवरील विक्रेत्यांना बजावावे लागले की, साखरमिश्रित पेये ‘आरोग्य पेये’ ह्या नावाखाली मांडू नका. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु पन्नास मीटर मोजता येतात ते फाटकापासून; मोबाईलला फाटक नाही. मोठ्यांसाठी म्हणून चाललेला क्रिकेटचा सामनाही मुले पाहतातच. बंदी शाळेच्या दारात उभी आहे आणि जाहिरात मुलाच्या उशाशी येऊन बसली आहे.

‘खरेदी आईबाप करतात, त्यांनीच नाही म्हणावे,’ असा युक्तिवाद कारखानदारांकडून होतो. आईबापांचे कर्तव्य आम्ही नाकारीत नाही. रडणे थांबावे म्हणून हाती पुडा देणारे घर निर्दोष नव्हे. पण एका बाजूस दिवसभराच्या कामाने थकलेली आई आणि दुसऱ्या बाजूस मनोव्यापारांच्या जाणकारांची फौज, ही झुंज बरोबरीची नाही. फुटाण्यांना आणि केळ्याला कोणी जाहिरातदार नसतो.

इतर देशांनी हे ओळखले आहे. चिली देशाने २०१६ मध्ये अशा वेष्टनांवरील मुलांची आवडती व्यंगचित्रे काढून तेथे काळ्या अष्टकोनी इशाऱ्यांची सक्ती केली. ब्रिटनने जानेवारी २०२६ पासून ह्या जाहिराती दूरचित्रवाणीवर रात्री नऊपूर्वी आणि पैसे देऊन इंटरनेटवर केव्हाही दाखविण्यास बंदी घातली.

आपल्याकडेही हेच व्हावयास हवे. वेष्टनाच्या दर्शनी बाजूस आईला एका दृष्टिक्षेपात कळेल असा इशारा असावा, मुले पाहतात त्या प्रत्येक पडद्यास बंदी लागू व्हावी, आणि पन्नास मीटरांचा नियम महापालिकेने कागदावरून रस्त्यावर आणावा. १८७२ चा आपला करार कायदा अज्ञान व्यक्तीस करार करण्यास अपात्र मानतो. तिच्या अजाणतेपणाचा फायदा कोणी घेऊ नये, हेच त्यामागील तत्त्व. ज्याच्या सहीला कायदा किंमत देत नाही, त्याच्या हट्टाला बाजाराने भांडवल करावे, हे सरकारने आणखी किती काळ पाहत राहावयाचे?