टोपी घाला, म्हणजे कळेल

मराठी बालपुस्तकांतला मुसलमान ओळखायला वेळ लागत नाही. डोक्यावर जाळीची टोपी, मिशीविना दाढी, डोळ्यांत सुरमा, खांद्यावर चौकड्यांचा रुमाल. बाई असेल तर काळा बुरखा आणि त्यातून दिसणारे दोन डोळे. पुस्तक बदलतं, चित्रकार बदलतो, हा मुसलमान मात्र तोच राहतो. जणू एकदाच काढला आणि मग सगळ्यांनी त्याची झेरॉक्स वाटून घेतली.

पुस्तकांसाठी, मासिकांसाठी चित्रं काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. पगार नाही, कामागणिक पैसे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी चर्चासत्राचा नाही, रोजच्या टेबलावरचा आहे. एका प्रकाशकाकडून मुलांची एक गोष्ट चित्रांसाठी आली. तिच्यात सायकल दुरुस्त करणारे रफिकचाचा होते. मी त्यांना बनियन आणि जुनी पँट घातली, चष्मा कपाळावर चढवला, हाताला ग्रीस लावलं आणि पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधायला बसवलं. उत्तर आलं, "चित्र छान झालंय मॅडम, फक्त टोपी घाला, म्हणजे कळेल."

काय कळेल? त्यांचं नाव गोष्टीच्या पहिल्याच ओळीत होतं. त्याच गोष्टीत कुलकर्णी मास्तरही होते. त्यांना मी शर्ट-पँट घातली होती. त्यांना गंध लावा, जानवं दाखवा, असं कुणी म्हणालं नाही. मास्तर फक्त माणूस म्हणून चालत होते, चाचांना मात्र ओळखपत्र गळ्यात घालून बसावं लागणार होतं. मी नाही म्हटल्यावर तोडगा निघाला, "मग टोपी वेगळ्या लेयरवर द्या, आम्ही ठरवू." मी तेही दिलं नाही. काम दुसऱ्याकडे गेलं.

यावर एक युक्तिवाद नेहमी होतो. चित्र लहान असतं, वाचणारं मूलही लहान, तेव्हा खूण लागतेच. मान्य. पण खूण कशाची? सायकलवाल्याची खूण पाना आणि पंक्चरची ट्यूब. त्या मी दिल्या होत्या. गोष्ट ईदच्या नमाजाची असती, तर टोपी मी न सांगता काढली असती. धंद्याची खूण माणसाचं काम सांगते, प्रसंगाची खूण प्रसंग सांगते. प्रसंग नसताना चिकटवलेली धर्माची खूण मुलाला एकच गोष्ट शिकवते: हा माणूस आधी वेगळा आहे आणि मग सायकल दुरुस्त करतो.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा. टोपीची लाज वाटते का? नाही. टोपी घालणारी माणसंही माझ्या वहीत भरपूर आहेत. कुणाची तिरकी, कुणाची घामानं पिवळी पडलेली, कुणी ती घडी घालून खिशात ठेवलेली. माझी तक्रार टोपीशी नाही. टोपी काढली की चेहरा काढायची गरज उरत नाही, या आळसाशी आहे.

या आळसावर उपाय एकच, रोजची वही. हाताच्या पंज्याएवढी वही आणि एक जेल पेन माझ्या पिशवीत कायम असतं. एसटी स्टँडवर, दवाखान्यात, बाजारात, दोन-दोन मिनिटांत एकेक माणूस. खोडरबर नाही. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि शेजारी दुसरी मारायची. त्यातली बहुतेक चित्रं कुठंच छापली जात नाहीत. पण काम आल्यावर कच्चे आराखडे करायला बसते, तेव्हा हात आठवणीतली माणसं काढतो, गुगलवरची नव्हे.

त्या वहीत मला कोण भेटलं? कात्रीनं पानांचे देठ कापणारा तांबोळी. संत्र्यांचा मनोरा रचताना प्रत्येक फळ हातात फिरवून डागाची बाजू आत लपवणारा बागवान. गिऱ्हाइकाच्या हाताची हाडं दाबून बांगडीचं माप ठरवणारी मणेरीण, तिच्या अंगावर सुती साडी आणि डोक्यावर पदर. पांढरी गांधी टोपी घातलेले गावाकडचे मुलाणी. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून जाळं विणणारा कोकणातला मच्छीमार. जीन्स घालून स्पर्धा परीक्षेची पुस्तकं चाळणारी मुलगी. यातलं कोण मुसलमान 'वाटतं'? आणि कुणाला?

जहांगीर बादशहाच्या दरबारातली एक हकिकत इथं आठवते. १६२१ साली त्याच्याकडे एक झेब्रा आला. घोड्यावर कुणीतरी पट्टे रंगवले असावेत, अशी लोकांना शंका आली. नीट तपासलं, तेव्हा पट्टे अस्सल निघाले. ही गोष्ट बादशहानं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवली आहे. उस्ताद मन्सूरनं काढलेलं त्या झेब्र्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. चारशे वर्षांपूर्वी पट्टे वरून रंगवलेले नाहीत ना, याची खात्री करून घेतली गेली. आज मला पट्टे वरून रंगवायला सांगितलं जातं.

आता थोडं घरातलं. मोहल्ल्यात कुणी ना कुणी सुनावतंच, चेहरे काढणं जायज नाही. या मसल्यावर मतभेद जुने आहेत आणि ते मिटवणं माझं काम नाही. पण आधारचा फोटो, लग्नाचा व्हिडिओ, व्हॉट्सॲपचा डीपी आपण निमूट स्वीकारले आणि हटकायला उरली ती चित्र काढणारी पोरगी. तिची वही बंद केली म्हणून आपली चित्रं निघायची थांबत नाहीत. ती दुसरे काढतात, त्यांच्या समजुतीप्रमाणे. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेननं मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरलं. तशा किती पोरांच्या वह्या आपणच मिटवल्या, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आणि आपल्या संस्था कार्यक्रमाचं पत्रक काढतात, तेव्हा त्यावर काय असतं? घुमट, चंद्रकोर, हिरवा रंग. माणूस तिथंही नसतो.

चित्रकार मित्रांसाठी एक कामाची गोष्ट. कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ५७ वाचून ठेवा. हक्क लिहून दिले तरी चित्रावर स्वतःचं नाव सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडे राहतो. चित्रात आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल असा फेरफार झाला, तर त्याला हरकतही घेता येते. म्हणून फाइल देतानाच लिहून द्या: विचारल्याशिवाय पात्रात बदल करू नये. पैसे कमी मिळतील, कदाचित कामही जाईल. पण आपल्या रेघेखाली दुसऱ्याचा पूर्वग्रह छापला जाणार नाही.

प्रकाशकांकडे मागणं एवढंच. कुलकर्णी मास्तरांना जी सवलत देता, ती रफिकचाचांनाही द्या. दोघांना आधी त्यांचं काम करू द्या. आणि आईबापांनो, पोरीच्या हातात वही दिसली तर हिसकावू नका. शेजारच्या बागवानाला दोन मिनिटं स्वस्थ बसायला सांगा. तिला संत्री काढायची आहेत, आणि ती रचणारा हातही.