मुलाचा आराखडा बदलीबरोबर गेला पाहिजे



फेडरेशनच्या बैठकीसाठी चंडीगडला गेलो असता अंबाला विभागात पॉइंट्समन असलेला आपल्याकडचा एक साथी भेटला. त्याच्या मुलाला बौद्धिक अपंगत्व आहे. सेक्टर 32 मधल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मुलाची तपासणी होती, म्हणून मीही बरोबर गेलो.

साथीच्या हातात शाळेची फाईल होती. मुलाला आज काय येते, सहा महिन्यांत काय यावे, ते कोण व कसे शिकवणार, हे सारे त्यात लिहिलेले. यालाच वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणतात. अमेरिकेने 1975 साली तो कायद्यात आणला. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील सोळावे कलम सांगते की शाळेने अशा मुलाला गरजेप्रमाणे आधार द्यावा आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावे. आराखड्याचे नाव मात्र त्यात नाही.

साथीने भुसावळला बदली मागितली आहे. तो म्हणाला, "बदली होईल हो दादा, पण पोराचं पुन्हा पहिल्यापासून. शर्टाची बटणं लावायला त्याला दोन वर्षं लागली. नव्या शाळेत हे कोणाला ठाऊक?"

आपली सर्व्हिस शीट बदलीबरोबर नव्या ठिकाणी जाते. मग मुलाचा आराखडा का जाऊ नये? वेळापत्रक सर्वांना एकच असले तरी ड्रायव्हरला पुढच्या मार्गाप्रमाणे कॉशन ऑर्डर मिळते. त्याला कोणी लाड म्हणत नाही.

कोणी म्हणेल, भरलेल्या वर्गात मास्तरांनी एकेका मुलाचा आराखडा कधी करायचा? शंका रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली प्राथमिक शाळेत अशा 10 मुलांमागे आणि पुढच्या वर्गांत 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण सांगितले. ही पदे न भरता आराखडा मागणे म्हणजे गँगमन न देता रूळ सांभाळा म्हणणे. शिक्षकही कामगारच आहे. त्याची मागणी ती आपली मागणी.

केंद्रीय कर्मचाऱ्याला दिव्यांग मुलासाठी शिक्षण भत्ता दुप्पट मिळतो. अशा मुलाचा सांभाळ करणाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट देण्याचा आदेश 2014 पासून आहे. अनेकांना हे माहीत नाही, आणि काही जण लाजेपोटी अर्जच करीत नाहीत. लाज कसली? शाखा सचिवांनी अशा घरी स्वतः जावे, अर्ज भरून द्यावेत. आणि पालकांनी शाळेकडून आराखड्याची सही-शिक्क्याची प्रत आजच मागून घ्यावी. बदलीची ऑर्डर सांगून येत नाही.