पैसा गावाचा, मग कोड ठेकेदाराचा का?

ग्रामपंचायतीनं कुठल्या कामाला किती पैसे दिले ते मोबाइलवर दिसतं, असं सांगितलं की सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या केम गावात निम्मे लोक हसतात आणि निम्मे म्हणतात, दाखव. मी दाखवतो. केंद्राचं ई-ग्रामस्वराज पोर्टल 24 एप्रिल 2020 ला, पंचायत राज दिनी सुरू झालं. राज्य, जिल्हा, तालुका, गाव असं निवडत गेलं की वित्त आयोगाच्या पैशातून मंजूर झालेला आराखडा निघतो, अदा झालेल्या रकमा निघतात. भाषा बदलायची सोय आहे, पण कामाचं नाव ज्यानं जसं टाइप केलं तसंच समोर येतं. 'गटार बांधणे', पुढं आकडा, तारीख, व्हाउचर. शेजारी बसलेला माणूस विचारतो, "यातली आमच्या वस्तीवरची कुठली?" मला सांगता येत नाही. मग तो म्हणतो, "राहू दे, सातबारा काढ."

ऑनलाइन फॉर्म भरून देणं हा माझा धंदा. गावातल्या कुंकवाच्या कारखान्यांतून थेट माझ्या दुकानात येणाऱ्या बायांचे अंगठे लाल असतात. थंब मशीनची काच प्रत्येकीनंतर फडक्यानं पुसावी लागते, तरी ठसा एका दमात लागेल याची खात्री नाही. 2024 च्या जुलैत लाडक्या बहिणीचे अर्ज सुरू झाले तेव्हा दिवसा पान उघडेना म्हणून रात्री शटर वर ठेवायचो. 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द आता आमच्याकडं न शिकलेल्या म्हातारीलाही पाठ आहेत. सरकारी संकेतस्थळं बिघडतात तेव्हा शिव्या मंत्रालयापर्यंत पोचत नाहीत, माझ्या काउंटरवरच संपतात. म्हणून या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालतो.

माझी मागणी एकच आहे. गावाच्या पैशानं संकेतस्थळ किंवा सॉफ्टवेअर बनलं, तर ते गावाच्या मालकीचं हवं. ते उघडून बघता यावं, दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेता यावं आणि शेजारच्या गावाला जसंच्या तसं देता यावं. यालाच ओपन सोर्स म्हणतात. असं न करणाऱ्या एका गावची गोष्ट मला जवळून माहीत आहे. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या पंचायतीनं एका एजन्सीकडून संकेतस्थळ करून घेतलं. उद्घाटन झालं, सरपंचांचा फोटो, सदस्यांचे फोटो, ग्रामदैवताचा फोटो. ग्रामसभेची काही इतिवृत्तंही चढवली होती, हे विशेष. पुढं नूतनीकरणाचे पैसे भरायचे राहिले आणि त्या पत्त्यावर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात दिसू लागली. डोमेन एजन्सीच्या नावावर, पासवर्ड एजन्सीकडं, बॅकअप मागितला तर "नवीन पॅकेज घ्या." इतिवृत्तं गेली ती गेलीच.

ओपन सोर्स म्हटलं की आमच्याकडं फुकटातलं, म्हणजे कच्चं, असा समज आहे. पण सोलापूर जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या ज्या एसथ्रीवास सेवेवर चालतं, तिच्या पोटात वर्डप्रेस हे ओपन सोर्स सॉफ्टवेअरच आहे. भारत सरकारनं 2012 मध्ये सरकारी आकडेवारी खुली करण्यासाठी जे डेटा पोर्टल काढलं ते ड्रुपलवर उभं राहिलं. ड्रुपल हे बेल्जियममधल्या एका विद्यार्थ्यानं सुरू केलेलं आणि 2001 पासून सगळ्या जगाला खुलं असलेलं सॉफ्टवेअर. अमेरिकेच्या व्हाइट हाऊसनंही 2009 मध्ये तेच घेतलं होतं. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक कित्येक वर्षं लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीवर चालतात. आणि हे सगळं बाहेरचंच आहे असंही नाही. हिशेब, साठा, पगार सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट मुंबईतल्या फ्रॅपे कंपनीनं बनवलं आणि त्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो. शिवाय केंद्रानं 2015 मध्येच धोरण काढलंय की सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यावं. धोरण दिल्लीत आहे, निविदा गावात निघते, आणि मधल्या रस्त्यात ते प्राधान्य कुठंतरी उतरून जातं.

गावातला एक कारखानदार मला म्हणाला, "आम्ही आमच्या कुंकवाचं मिश्रण कुणाला सांगतो का? मग सॉफ्टवेअरवाल्यानं का सांगावं?" प्रश्न रास्त आहे. कुंकवाचं मिश्रण ही त्यांची कमाई आहे, त्यात त्यांचा पैसा अडकलाय, ते त्यांनी जपलंच पाहिजे. पण पंचायत काही कुंकू विकत नाही. तिनं लपवण्यासारखं मिश्रण असूच नये.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. कोड उघडा ठेवला की चोर आत शिरतील. याचं अर्धं उत्तर 2020 मध्ये सरकारनंच दिलं: आरोग्य सेतू ॲपबद्दल शंका घेतल्या गेल्या तेव्हा त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड लोकांसमोर ठेवला. उरलेलं अर्धं मात्र कटू आहे. वर्डप्रेस वेळच्या वेळी अपडेट केलं नाही तर ते खरंच फुटतं. प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपापलं संकेतस्थळ सांभाळावं असं म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. जिल्हा परिषदेनं एकच यंत्रणा उभारावी, तिचे अपडेट एकाच ठिकाणी व्हावेत, आणि प्रत्येक गावाला त्यात आपलं दार द्यावं. लाभार्थ्यांचे आधार क्रमांक आणि बँक खाती तिथं कधीच चढवायची नाहीत; पारदर्शकता कारभाराची हवी, गरिबाच्या पासबुकाची नको.

या पारदर्शकतेला कायद्याचं बळ आधीपासून आहे. माहितीचा अधिकार म्हटलं की आपल्याला अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीस दिवस एवढंच आठवतं. त्याच 2005 च्या कायद्याचं कलम 4 सांगतं की कुणी मागायच्या आधीच कार्यालयानं आपली माहिती प्रसिद्ध करावी, अभिलेख संगणकावर आणावेत, आणि हे करताना खर्च व स्थानिक भाषा यांचा विचार करावा. आमच्याकडं याचं पालन कसं होतं? कागद टाइप होतो, त्याची प्रिंट निघते, सही-शिक्का होतो, तो वाकडा स्कॅन होतो आणि पीडीएफ चढते. त्यात 'पाणीपुरवठा' शोधा, काही सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी ते नुसतं चित्र आहे. जुन्या फाइली वेगळ्याच फॉन्टमधल्या. कॉपी केल्या की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा होतो. सहीची प्रत खुशाल चढवा, पण सोबत युनिकोड मराठीतला मजकूर द्या. त्याला एक रुपया जास्त लागत नाही.

माणूस मात्र लागतो, आणि त्याला पगार लागतो. ग्रामपंचायतीत संगणकासमोर बसणारा संगणक परिचालक गेली कित्येक वर्षं तुटपुंज्या, तोही वेळेवर न मिळणाऱ्या मानधनासाठी मोर्चे काढतोय. जन्मनोंद, कर आकारणी, दाखले, ऑनलाइन आराखडा, सगळं त्याच्याच बोटांवर. ओपन सोर्स घेतल्यानं सॉफ्टवेअरच्या परवान्याचे जे पैसे वाचतील, ते आधी त्याच्या मानधनात घाला. नाहीतर जगातलं उत्तम सॉफ्टवेअर आणा, त्यात शेवटची नोंद उद्घाटनाच्या दिवसाचीच असेल.

सरकारची वाट न बघता होण्यासारखंही काही आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा 2004 पासून लोकांनीच काढत आणलेला जगाचा नकाशा. त्यात आपली वस्ती, तिथला कच्चा रस्ता, शाळा, हातपंप कुणीही टाकू शकतं. आमच्याकडच्या वस्त्या रानात विखुरलेल्या. रात्री रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन केला की ड्रायव्हरला वाट सांगता सांगता घरच्यांचा जीव जातो. कॉलेजला जाणारी पोरं गाडीची वाट बघत केम स्टेशनवर रील बघत बसतात. त्यांनी दिवसाला एक वस्ती नकाशावर टाकली तरी वर्षभरात आजूबाजूची गावं पुरी होतील.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. पुढच्या सभेत एक ठराव मांडा: पंचायत जे काही संकेतस्थळ किंवा सॉफ्टवेअर करून घेईल, त्याचं डोमेन, डेटा आणि सोर्स कोड पंचायतीच्या नावावर राहील, आणि ही अट करारात लिहिली जाईल. ठराव मांडायला संगणक यावा लागत नाही आणि कुणाची शिफारसही लागत नाही. गावच्या मतदार यादीत नाव असलं की झालं.