पुढाऱ्यांचे फोटो आणि सभासदांची ओळख

कामगार संघटना, कष्टकऱ्यांच्या पंचायती, शिक्षकांच्या व शासकीय कर्मचाऱ्यांच्या संघटना अशा सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांच्या कार्यकारिणीत अलीकडे एक सूचना वारंवार येऊ लागली आहे. संघटनेचे संकेतस्थळ, वार्षिक अहवाल, माहितीपत्रक हे सारे फार कोरडे वाटते. त्यात ध्येयधोरणे असतात, घटना असते, मागण्यांची जंत्री असते. नसतो तो माणूस. तेव्हा पदाधिकाऱ्यांचे फोटो द्यावेत, म्हणजे संघटना सभासदाला आपली वाटेल, अशी ही सूचना. ती मांडणारे बहुधा तरुण असतात. ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या कपाळावर तत्काळ आठी उमटते. ‘आपल्याकडे व्यक्तिपूजा चालत नाही’ हे ठरलेले वाक्य उच्चारले जाते आणि विषय पुढील बैठकीवर ढकलला जातो.

ज्येष्ठांची आठी अकारण नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकाबाहेर क्षणभर उभे राहिले की तिचे कारण डोळ्यांपुढे येते. वाढदिवसाचा फ्लेक्स टांगलेला असतो. वर राष्ट्रीय नेता, मध्यभागी ‘भावी आमदार’, आणि तळाशी टपाल तिकिटांसारखी तीस-चाळीस शुभेच्छुकांची तोंडे. कोणाचे तोंड किती इंचांचे, यावर गटातील त्याचे स्थान ठरते, आणि त्यावरून भांडणेही होतात. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याला प्रतिबंध करणारा कायदा राज्यात १९९५ साली झाला. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट आदेश दिले. फलक हटलेले नाहीत, कारण ते हटवण्याचा आग्रह ज्यांनी धरायचा त्यांचीच तोंडे त्या तळाच्या रांगेत असतात. सरकारी जाहिरातींचीही तीच कथा. १३ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातला की जनतेच्या पैशातून निघणाऱ्या जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्याखेरीज कोणाचा फोटो असू नये. राज्य सरकारांनी फेरविचाराची मागणी केली, आणि वर्ष संपते न संपते तोच, १८ मार्च २०१६ रोजी, राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री यांच्यासाठी दार पुन्हा उघडले गेले. बाकी अनेक प्रश्नांवर परस्परांचे तोंड न पाहणारे पक्ष या एका मागणीवर एकत्र आले होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

घटना समितीतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. नेहरूंनी तर १९३७ साली ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात ‘चाणक्य’ या टोपणनावाने लेख लिहून स्वतःच्याच लोकप्रियतेतील धोका दाखवला होता. इतका मोठा वारसा पाठीशी असता फोटोंना नकार देणे हे तत्त्वनिष्ठेचे लक्षण वाटावे यात नवल नाही.

परंतु नकाराच्या दुसऱ्या बाजूकडेही पाहिले पाहिजे. समाजवादी परंपरेतील एखाद्या जुन्या संघटनेच्या कार्यालयात शिरावे. भिंतीवर महात्मा फुले आहेत, गांधी आहेत, साने गुरुजी, लोहिया, जयप्रकाश, एस. एम., नानासाहेब गोरे आहेत. म्हणजे फोटोंना येथे मनाई नाही. मनाई आहे ती जिवंत माणसांच्या फोटोंना. दिवंगतांना हार घालता येतो आणि त्यांना कोणी हिशेब विचारत नाही. ज्यांना हिशेब विचारता येईल त्या विद्यमान सरचिटणीसांचे नावदेखील फलकावर शोधून सापडत नाही. सापडले तर ते मागील कार्यकारिणीचे असते. व्यक्तिपूजेचा असा निषेध करणाऱ्या चळवळीतील फुटींचा इतिहास मात्र आजही व्यक्तींच्या नावांनीच सांगितला जातो, हा विनोद कार्यकर्त्यांना आपापसात ठाऊक आहे. बिनचेहऱ्याच्या संघटनेत सत्ता नाहीशी होत नाही. ती दिसेनाशी होते, एवढेच. आणि वीस-पंचवीस वर्षे तेच पद सांभाळणाऱ्यास हे दिसेनासे होणे फार सोयीचे असते.

हा प्रश्न पूर्वी का उद्भवला नाही, याचे उत्तर सोपे आहे. गिरणीच्या दारावर द्वारसभा होत असे. पाळी सुटण्याच्या वेळी कार्यकर्ता स्टुलावर उभा राहून बोलत असे आणि कामगार त्याला पाहत असे, अडवत असे, प्रसंगी शिवीही देत असे. मुंबईच्या कापड धंद्यात १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक संघटनेचा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कार्यालय, मान्यता, सरकारदरबारी वजन, सर्व काही त्या संघापाशी होते. तरी १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंत यांच्या मागे संपावर गेले. कामगार डॉक्टरांना ओळखत होते ते द्वारसभांतून आणि मोर्चांतून. कायद्याने दिलेल्या मान्यतेहून ही ओळख अधिक बळकट ठरली. त्याच संपाने दुसरीही गोष्ट शिकवली, आणि ती तितक्याच परखडपणे सांगितली पाहिजे. सारी भिस्त एका माणसावर राहिली, आणि संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. ओळखीचा चेहरा हे संघटनेचे बळ आहे. एकमेव चेहरा ही तिची दुर्बलता आहे.

आज द्वारसभेला दारच उरलेले नाही. मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोचवणारा तरुण, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, तीन ठेकेदारांकडून आलटूनपालटून कामावर जाणारा सफाई कामगार, यांचे कामाचे ठिकाण एक नाही आणि सुटीची वेळही एक नाही. सभासदत्वाचा अर्ज फोनवर भरला जातो, वर्गणी फोनवरून जाते. पुष्कळांनी संघटनेचे कार्यालय पाहिलेले नसते. अपघात झाला, मालकाने काम बंद केले, तर हाक कोणाला मारायची? अर्जावर ‘सरचिटणीस’ असा शब्द असतो. पण रात्री दहा वाजता पोलीस चौकीत बसलेल्या माणसाला शब्द उपयोगी पडत नाही, नाव आणि चेहरा लागतो. तरुणांच्या सूचनेमागे ही अडचण आहे. संकेतस्थळ देखणे करण्याची हौस म्हणून ती झटकून टाकणे अन्यायाचे होईल.

माणूस जेथे पोचू शकत नाही तेथे फोटो पोचतो, याचे उदाहरण समाजवाद्यांच्याच इतिहासात आहे. आणीबाणीत, जून १९७६ मध्ये, जॉर्ज फर्नांडिस यांना कलकत्त्यात अटक झाली. बेड्या घातलेला हात उंचावलेला त्यांचा फोटो पुढे देशभर ओळखीचा झाला. १९७७ च्या निवडणुकीत ते तुरुंगातूनच बिहारमधील मुजफ्फरपूर येथे उभे राहिले आणि तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. त्या फोटोत वेषभूषा नव्हती, हारतुरे नव्हते. सत्तेने या माणसाचे काय केले आहे, एवढेच तो सांगत होता. फोटोमध्ये मुळातच दोष असतो असे मानणाऱ्यांनी या एका फोटोचे काय करायचे ते ठरवावे.

मात्र फोटोच्या प्रश्नावर अधिक मोलाचा धडा पुढाऱ्याच्या फोटोने दिलेला नाही. तो सभासदाच्या फोटोने दिला आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. त्या काळी कचरा वेचणाऱ्या बाईकडे समाज चोर म्हणूनच पाहत असे. वस्तीत काही हरवले की पहिला संशय तिच्यावर आणि पहिली चौकशी तिची. पंचायतीने तिला फोटो असलेले ओळखपत्र दिले आणि पुढे पुणे महापालिकेने त्या ओळखपत्रांना मान्यता दिली. ही बाई कामकरी आहे, तिला नाव आहे आणि तिच्या पाठीशी संघटना आहे, हे तो लहानसा फोटो सांगत होता. संघटनेला मानवी रूप देणे म्हणजे काय, हे यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही. तेथे चेहरा मिळाला तो ज्याचा चेहरा कोणी पाहत नव्हते त्याला.

लोकशाहीत कोणाला चेहरा दाखवावा लागतो, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. निवडणूक आयोगाने मतदारांसाठी फोटो असलेले ओळखपत्र १९९३ साली आणले, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना. मतदाराने आपला चेहरा सिद्ध करायचा हे तेव्हा ठरले. उमेदवाराचा फोटो मतदान यंत्रावरील मतपत्रिकेवर येण्यास १ मे २०१५ ही तारीख उजाडावी लागली. २०२५ च्या बिहार विधानसभा निवडणुकीपासून तो रंगीत झाला. म्हणजे मत देणाऱ्याची ओळख आधी आणि मागणाऱ्याची बावीस वर्षांनी. संघटनांतही क्रम तोच आहे. सभासदाचा फोटो अर्जावर चिकटवलेला असतो. पदाधिकाऱ्याचा फोटो मागितला की तत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. आयोगाने मतपत्रिकेवर फोटो छापला तो उमेदवाराचा गौरव म्हणून नव्हे. एकाच नावाचे दोन-तीन उमेदवार उभे करून मतदाराला फसवण्याचा जो धंदा चालतो, त्याला आळा घालण्यासाठी छापला. फोटोचा योग्य उपयोग कोणता आणि अयोग्य कोणता, हे ओळखण्याची खूण येथे सापडते. मतदाराने माणूस पारखावा म्हणून लावलेला फोटो निराळा, आणि त्याने हात जोडावेत म्हणून लावलेला निराळा.

पदाधिकाऱ्यांचे फोटो ओळीने लावले की आणखी एक गोष्ट घडते, आणि विरोधाचे न सांगितलेले कारण पुष्कळदा तेच असते. रांग दिसते. घरकामगार बायकांच्या संघटनेचे अध्यक्ष, सरचिटणीस आणि खजिनदार तिघेही पुरुष आहेत, हे नावांच्या यादीत डोळ्याआड होते. फोटोंत होत नाही. पस्तिशीच्या आतील एकही चेहरा नाही, हे दिसते. दलित आणि मुस्लिम सभासदांच्या घामावर उभ्या असलेल्या संघटनेत त्यांच्यापैकी किती जण वरच्या ओळीत आहेत, हे सभासद न विचारता पाहतो. कामगार नसलेल्या ‘बाहेरच्या’ पुढाऱ्यांचा प्रश्न तर कायद्यालाही सुटलेला नव्हता. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष त्या उद्योगातले असावेत असे म्हटले. २००१ च्या दुरुस्तीने संघटित उद्योगांसाठी बाहेरच्यांचे प्रमाण एकतृतीयांश किंवा पाच, यांपैकी जे कमी असेल त्यावर आणले. कायद्याच्या कलमापेक्षा भिंतीवरची रांग सभासदाला हे अधिक लवकर सांगेल. ती रांग लाजिरवाणी वाटत असेल तर फोटो काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

अर्थात केवळ फोटोने काही साधत नाही. हसऱ्या चेहऱ्यांच्या आड बंद दप्तर ठेवणाऱ्या संस्था सहकाराच्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. १९२६ च्या त्याच कायद्यात संघटनेचे हिशेब आणि सभासदांची यादी कोणाही सभासदाला पाहता यावी अशी तरतूद होती. प्रत्यक्षात किती सभासदांनी ते दप्तर कधी मागितले आणि मागितल्यावर त्यांना काय उत्तर मिळाले, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. फोटोखाली नाव हवे, काम कोणते ते हवे, पदावर कोणत्या वर्षापासून आणि कितव्यांदा ते हवे, भेटण्याचा वार, वेळ आणि फोन हवा. ‘झुंजार’, ‘लोकनेते’, ‘आधारवड’ ही विशेषणे नकोत. ‘सरचिटणीस, चौथी मुदत’ एवढे तीन शब्द छापण्याचे धैर्य ज्या संघटनेत असेल तेथे व्यक्तिपूजेचे भय फारसे बाळगण्याचे कारण नाही.

एका ठिकाणी मात्र हात आवरता घ्यावा लागेल. ठेक्यावरच्या कामगाराचा किंवा ॲपवर काम करणाऱ्या तरुणाचा फोटो शाखा चिटणीस म्हणून प्रसिद्ध झाला, तर दुसऱ्या दिवशी त्याचे काम जाऊ शकते. त्याला नोटीस द्यावी लागत नाही, चौकशी करावी लागत नाही. फोनवरचे खाते बंद झाले की संपले. अशा कार्यकर्त्याचा फोटो त्याच्या संमतीवाचून छापणे म्हणजे संघटनेने मालकाला यादी पुरवण्यासारखे आहे. ज्यांची भाकरी त्या फोटोने जाणार नाही अशा पूर्णवेळ पदाधिकाऱ्यांनी आधी पुढे व्हावे. आजवर लपून राहण्याची सोय त्यांनीच घेतली, आणि धोका पत्करला तो शाखेवरच्या माणसाने.

राहिला प्रश्न आकाराचा, आणि या प्रकारच्या वादात तो किरकोळ नसतो. त्यासाठी छायाचित्रकार बोलावण्याचे, पाठीमागे पडदा लावण्याचे काही कारण नाही. सभासदाच्या ओळखपत्रावर ज्या मापाचा फोटो असतो, त्याच मापाचा अध्यक्षांचा असावा. मुदत संपल्यावर तो किती दिवसांत आणि कोणी उतरवायचा, हे पुढील अधिवेशनात घटनादुरुस्ती करून ठरवून घ्यावे.