शटरची किल्ली

पडद्यापायी डोळे गमावण्याची पाळी मराठी घरात कुणावर आली, याची मला ठाऊक असलेली सर्वांत जुनी हकीकत एका मुलाची नाही, बापाची आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके १९११ च्या सुमारास मुंबईत राहत होते. थोरल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन ते गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर जनावरे हिंडताना दिसली, हे पोराने घरी येऊन आईला सांगितले, तर कुणाचा विश्वास बसेना. मग दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्या घराला घेऊन गेले. ईस्टरचे दिवस होते, म्हणून त्या दिवशी येशूच्या चरित्राचा चित्रपट लागला होता. पुढचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. मधला एक तुकडा मात्र फारसा सांगितला जात नाही. त्यानंतर फाळके रोज चार-चार, पाच-पाच तास चित्रपट पाहू लागले, उरलेला वेळ प्रयोगांत जाई, झोप अपुरी पडे. चाळिशीतल्या या माणसाची दृष्टी गेली. डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले, तीन-चार चष्मे बदलून दिले, तेव्हा कुठे डोळे परत आले. पोराने एकदा चित्रपट पाहिला आणि आईला सांगून मोकळा झाला. झपाटला तो बाप.

शंभरहून अधिक वर्षांनी नाशिकमध्ये बसून मुलांच्या मोबाइलविषयी लिहिताना ही हकीकत डोळ्यांपुढून हलत नाही. गंगापूर रोड असो की सिडको, इंदिरानगर असो की पंचवटी, दोन आया भेटल्या की विषय एकच असतो: ‘ऐकतच नाही हो, सारखा मोबाइल.’ ही तक्रार खरी आहे, तिच्यातली काळजीही खरी आहे. पण घरातल्या पडद्याचा गेल्या चार दशकांचा इतिहास नीट पाहिला, तर मुलांनी ऐकले कधी आणि ऐकणे सोडले कधी, याचे उत्तर मुलांकडे सापडत नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. रंग आला १९८२ मध्ये, आशियाई स्पर्धांच्या वर्षी. १९८४ पासून देशभर छोटी सहक्षेपण केंद्रे भराभर उभी राहिली आणि टीव्ही महानगरांबाहेरच्या घरांत शिरला. तिवंध्याजवळच्या आमच्या वाड्यात तो १९८५ च्या दिवाळीत आला. काळा-पांढराच. लाकडी कॅबिनेट, खाली चार पाय, आणि पुढे दोन्ही बाजूंनी सरकत येऊन मधोमध मिटणारे पट्ट्यापट्ट्यांचे शटर. त्याला कुलूप होते. अशा टीव्हीची किल्ली घरोघरी कुणाकडे असे हे पाहिले, तर त्या घराचा कारभार कोण चालवते हे कळायचे. आमच्याकडे ती आजीकडे होती, देव्हाऱ्यात समईशेजारच्या वाटीत. शटर सरकवताना खर्रर आवाज व्हायचा. तो ऐकला की वाड्यातली पोरे जिन्यावरून धावत यायची आणि सतरंजीवर जागा धरायची. भाडेकरूंची मुले पुढे, बायका मागे, पुरुष दारात उभे.

मला आज महत्त्वाची वाटते ती कुलूप लावण्याची वेळ. जेवणे आटोपली की आजी शटर ओढून घेई. बाबांना रात्रीच्या इंग्रजी बातम्या पाहायच्या असत. ते मागत, आणि आजी नाही म्हणे. ‘पोरं निजलीत. त्यांच्या कानाशी आता हे नको.’ सरकारी नोकरीतला, दोन मुलांचा बाप गुपचूप उठून पेपर घेऊन बसे. आम्ही पांघरुणातून हे ऐकलेले आहे. कुलूप आमच्यासाठी नव्हते, घरासाठी होते. म्हणून ते जाचक वाटले नाही, आणि ते उघडण्याची युक्ती शोधावी असेही कधी मनात आले नाही.

त्या काळाचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. टीव्ही तेव्हाही काहीतरी हिरावून घेतच होता. दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढे बसायचे, शुभंकरोती म्हणायची, मग पाढे आणि परवचा, हा मराठी घरांचा कितीतरी पिढ्यांचा तास होता. टीव्ही आला तो रिकाम्या जागेत आला नाही, तो नेमका या तासावर येऊन बसला. ज्याला पुढे जाहिरातवाले प्राइम टाइम म्हणू लागले, ती आपली तिन्हीसांज होती. तीस पावकी साडेसात येत नाही म्हणून कुणाचे फार अडत नाही. पण दिवसातून एकदा सगळे घर एका जागी, एका आवाजात बसत होते, ते मोडले. त्या बदल्यात टीव्हीने निदान आपल्यापुढे तरी सगळ्यांना एकत्र बसवले. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागले. ज्या पंचवटीची गोष्ट, तिथून हाकेच्या अंतरावर आम्ही ती पाहत होतो. मालिका संपली की आजी आम्हाला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, नेई आणि येताना सीतागुंफेपाशी थांबून सांगे, ‘हे बघा, आत्ता बघितलंत ना, ते इथलं.’ पडद्यावरचे पाहिलेले पायांनी चालून येण्याचे असे भाग्य फार थोड्या मुलांच्या वाट्याला आले असेल.

दूरदर्शनचा आणखी एक गुण होता, जो तेव्हा उणीव वाटे. ते संपत असे. कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागे आणि ठरलेल्या वेळी आटोपे. उठण्याचा निर्णय कुणाला घ्यावा लागत नसे. १९९१-९२ नंतर गच्ची-गच्चीवरून केबलची काळी वायर आली, झी आले, १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आले, आणि संपण्याची ती वेळ निघून गेली. याच सुमारास शटरचे टीव्ही भंगारात गेले. लाकडाबरोबर कुलूप गेले आणि हातात रिमोट आला.

घरांनी यावरही एक तोड काढली, खास आपली. ‘यंदा आमच्याकडे दहावी आहे’ असे सांगून केबल कापायची. जूनमध्ये केबलवाल्याला निरोप जायचा, वायर काढली जायची, मार्चमध्ये पेपर संपले की पुन्हा जोडली जायची. यात बळजबरी होती, परीक्षेचे अवास्तव स्तोम होते, सारे मान्य. पण त्या दहा महिन्यांत आईची मालिका आणि वडिलांची क्रिकेटची मॅचही बुडायची. पोराला दिसायचे की आपल्यासाठी घराने काहीतरी सोडले आहे. आजच्या किती बंदींमध्ये मुलांना हे दिसते?

घरचा कॉम्प्युटर आला तेव्हाही सुरुवातीला असेच होते. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आणि कर्ज काढून घेतलेले यंत्र हॉलमध्ये, सगळ्यांच्या नजरेसमोर, शिवलेले कव्हर घालून बसले. इंटरनेट लावला की फोन लागत नसे, म्हणून मावशीच्या फोनची वाट पाहणारी आई अर्ध्या तासात उठवायची. पुढे मोबाइल आले तरी एक जीबीचा पॅक महिनाभर पुरवून वापरणारी घरे होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, काही महिने फुकट होते, आणि त्यानंतर रोजचा एक-दीड जीबी हे सर्वसाधारण माप झाले. पडदा हॉलमधून उठला आणि खिशात गेला. खर्च, जागा, फोनची लाइन, कार्यक्रमाची वेळ असे जे जे अडसर इतकी वर्षे आईबापांचे काम परस्पर करत होते, ते एकेक करून गळून पडले. आता जे अडवायचे ते माणसानेच अडवायचे, आणि समोर अशी यंत्रणा आहे जिचा धंदाच मुळी माणूस न उठण्यावर चालतो. एक रील संपायच्या आत दुसरी लागते. हे लढाईचे मैदान सपाट नाही. एकट्या आईला दोष देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि उरलासुरला बांधही फुटला. जो फोन हातात घेऊ नको म्हणत होतो, तोच आपण मुलांच्या हातात देऊन ‘बस, शाळा सुरू झाली’ म्हणालो. पेठ-सुरगाण्याकडच्या मुलांचे दुखणे उलटे होते. घरात एकच फोन, तो घेऊन बाप कामावर गेलेला, आणि पाड्यावर रेंज नाही. पडद्याच्या अतिरेकाची चर्चा करताना नाशिक जिल्ह्याने आपल्या या दुसऱ्या अर्ध्याला विसरू नये. २८ मार्च २०२० ला दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा लावले. आमच्या घरी मी आणि माझी आई टीव्हीपुढे बसलो. माझी पुतणी त्याच खोलीत, त्याच सोफ्यावर, कानात हेडफोन घालून दुसरेच काही पाहत होती. तिला हाक मारावी म्हणून मी वळलो आणि माझ्या लक्षात आले की मीही एक डोळा हातातल्या व्हॉट्सअॅपवर ठेवून आहे. मी हाक मारली नाही.

मापे आता पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मर्यादा सांगितल्या. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते: दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, पाचपर्यंत फार तर एक तास, दहापर्यंत दोन तासांच्या आत. २०२३ च्या आपल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागेल असे म्हटले. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांची दारे बंद केली. हे कायदे हवेतच. कंपन्यांना लगाम घालणे आईबापांच्या हातात नाही, ते सरकारचेच काम. पण कायदा उंबरठ्यापर्यंत येतो. आत जेवणाच्या ताटाशेजारी कुणाचा फोन आहे, हे तो पाहू शकत नाही.

आणि तासांच्या हिशेबाने सारे पडदे एका तराजूत घालणेही मला पटत नाही. १९१३ मध्ये फाळके कंपनी घेऊन नाशिकला आले. ‘राजा हरिश्चंद्र’मधला रोहित हा भालचंद्रच होता. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती त्यांची लहानगी मंदाकिनी. फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई कंपनीचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोके पाडत, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. त्या घरातली मुले पडद्यात बुडाली नाहीत, कारण पडदा कसा होतो हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते. आज कुणी पोर कॉम्प्युटरवर बसून छोटा खेळ तयार करत असेल, गोदाकाठचा चित्रपट कापत-जोडत असेल, तर तो तास रील्सच्या तासाबरोबर मोजू नये.

या साऱ्यावर महाराष्ट्रात एका गावाने जे केले, ते शहरांना जमलेले नाही. सांगली जिल्ह्यातले मोहित्यांचे वडगाव. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद राहू लागले. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलायचे. बातम्या भोंग्याच्या झाल्या. मला मात्र त्याआधीची एक बैठक मोलाची वाटते. सरपंच विजय मोहिते आणि ग्रामपंचायतीने पहिल्यांदा गावातल्या बायकांना बोलावले. त्या बैठकीत बायकांनी कबूल केले की मालिका आणि मोबाइल आम्हालाच सुटत नाहीत. मग ग्रामसभेने ठराव केला. पुरुष आधी हसले होते. अंगणवाडीताई, आशाताई, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले आणि बंद करा म्हणून सांगत राहिले. निवडलेली वेळ पाहा: सात. परवच्याची वेळ. चाळीस वर्षांपूर्वी टीव्हीने जो तास घेतला, तोच त्या गावाने परत मागितला, आणि मागताना मुलांकडे बोट दाखवले नाही.

नाशिककडे यासाठी लागणारी सामग्री दुसऱ्या गावांपेक्षा जास्त आहे. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या छत्राखाली विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना तर नाशिकचीच. शंभर पुस्तकांची एक पेटी, ती चाळीत, कॉलनीत, बिल्डिंगमध्ये कुणाच्या तरी घरी ठेवायची, आसपासच्यांनी वाचायची, मग बदलून घ्यायची. नाशिकहून निघालेल्या पेट्या परदेशांतल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या. रिकामा केलेला तास कशाने भरायचा, हा प्रश्न आला तर निदान या शहराला उत्तर शोधायला लांब जावे लागणार नाही.

गावाला भोंगा लावता येतो, कारण तिथे ग्रामसभा आहे. शहरात तिच्या सगळ्यांत जवळची गोष्ट म्हणजे सोसायटीची सभा. सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. पार्किंग आणि पाण्याच्या टाकीबरोबर या वर्षीच्या विषयपत्रिकेवर संध्याकाळचा एक तासही ठेवा. सात ते आठ, किंवा आपल्या बिल्डिंगला झेपेल ती वेळ. ठराव मुलांविषयी नको, घरांविषयी करा. आणि त्या पहिल्या संध्याकाळी फोन काढून टीव्हीच्या टेबलावर ठेवायचा तो आधी वडिलांनी, मग आईने, मग आजोबांनी. मुलांचे फोन शेवटी मागा.