कोरडे मुख आणि सूर्यास्ताची घाई

बँकेत असताना इतरांच्या खात्यांवरील नोंदी तपासण्यात माझी हयात गेली. स्वतःच्या तोंडातील बिघाड मात्र दोन वर्षे माझ्या ध्यानात आला नाही. निवृत्तीनंतर रक्तदाबाच्या गोळीच्या जोडीला शिंकांसाठी एक आणि रात्री वारंवार लघवीस उठावे लागते म्हणून एक, अशा दोन गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू जीभ टाळूला चिकटू लागली. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरेना. वयोमान समजून मी खिशात खडीसाखरेची पुडी बाळगू लागलो. दिवसाकाठी आठ-दहा खडे सहज संपत. अखेर दंतवैद्यांकडे गेलो, तेव्हा हिरडीलगत मुळांपाशी पाच दात किडलेले निघाले. त्या तरुण डॉक्टरबाईंचा पहिलाच प्रश्न होता, "काका, गोळ्या कोणकोणत्या चालू आहेत?" तोवर हे कोणी विचारले नव्हते आणि मीही आपण होऊन कोणाला सांगितले नव्हते.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. खाल्ल्यानंतर जिवाणू साखरेचे आम्ल करतात. तोंडाचा सामू साडेपाचाच्या खाली गेला की दाताच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. मुळाचा उघडा पडलेला भाग तर त्याआधीच झिजू लागतो. लाळ ते आम्ल निवळते आणि गेलेले कॅल्शियम व फॉस्फेट दाताला परत देते. ही भरपाई थांबली की किडीला आयते रान मिळते. केवळ म्हातारपणाने लाळ फारशी आटत नाही. शिंकांवरील, मूत्राशयावरील, नैराश्यावरील कितीतरी औषधांनी ती आटते. अनियंत्रित मधुमेह, डोक्या-मानेवरील किरणोपचार, श्योग्रेनसारखे विकार हीही कारणे आहेत. कोरड्या तोंडात खडीसाखर चघळणे म्हणजे पहारेकरी रजेवर असताना तिजोरी उघडी टाकणे, हे मला फार उशिरा कळले.

आता आपल्या घरांतील गोष्ट. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. पुण्यात नोव्हेंबरअखेर सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि सूर्योदय पावणेसातच्या आसपास. त्यावर नवकारसीची 48 मिनिटे धरली तर चौविहार करणाऱ्यांच्या मुखात साडेतेरा तास पाण्याचा थेंब जात नाही. निरोगी माणसाला याचा सहसा त्रास होत नाही. खरा घोटाळा त्याआधीच्या घाईत आहे. आमच्याकडे पावणेसहाला ताटे उचलली जात, मग साखर घातलेले दूध, वर बडीशेपेच्या रंगीत गोळ्यांचा मुखवास, आणि लगेच पच्चक्खाण. तो गोडवा दातांच्या फटींत सकाळपर्यंत तसाच राही. हल्ली जेवण अर्धा तास अलीकडे ओढले आहे. दूध बिनसाखरेचे, मुखवास बंद, त्यानंतर फ्लोराइड असलेल्या पेस्टने दात घासणे आणि शेवटी पाणी. एकदम दोन तांबे पाणी पिऊन रात्रीची तरतूद होत नाही, ते मूत्रावाटे निघून जाते. दिवसभर थोडे थोडे पीत राहावे. ज्यांचे तोंड फारच कोरडे पडते त्यांनी तिविहार घ्यावा का, हे वैद्य आणि गुरुमहाराज यांना विचारून ठरवावे. परंपरेत ती सोय आहे. ती स्वीकारण्यात कमीपणा मानू नये, असे माझे मत.

चावण्याने लाळ सुटते. वैद्यकीय लेखांत यासाठी गाजर सुचवतात, ते आपल्याकडे चालत नाही. काकडी, पेरू आहेतच. लिंबाची फोड चोखू नये, आम्लाने दात झिजतात. अल्कोहोलयुक्त माउथवॉशने कोरडेपणा वाढतो. कवळी रात्री काढून ठेवावी, नाहीतर कोरड्या तोंडात बुरशी धरते. सुपारी-तंबाखूबद्दल या मासिकाच्या वाचकांना काय सांगावे! कृत्रिम लाळेचे फवारे मिळतात, ते घेताना घटक वाचावेत: पुष्कळांत वनस्पतिजन्य सेल्युलोज असते, पण परदेशातील काही उत्पादनांत डुकराच्या जठरातील म्युसिन वापरतात. मुले प्रेमाने तिकडून पाठवतात, त्यांना आधीच कळवलेले बरे.

गोळ्या मी स्वतःच्या मनाने बंद केल्या नाहीत. सर्वांची यादी कागदावर लिहून आमच्या फिजिशियनपुढे ठेवली. त्यांनी शिंकांची गोळी रोजची होती ती केवळ गरजेपुरती केली आणि मूत्राशयाची बदलून दिली. तीन आठवड्यांत फरक जाणवला. पाचपैकी चार दात भरून घेतले, एक काढावा लागला. खडीसाखरेची बरणी सौभाग्यवतींनी माझ्या टेबलावरून उचलली असून, ती आता देरासरात नैवेद्य ठेवण्यापुरतीच उघडते.