पुलाचा टोल कोणीं द्यावा?

नदी ओलांडण्याबद्दल पैसा द्यावा कीं न द्यावा, हा प्रश्न भीमा-सीनेच्या कांठीं नवा नाहीं. पूल नव्हते तेव्हां लोक उन्हाळ्यांत उतार पाहून बैलगाडी पाण्यांत घालीत व पावसाळ्यांत नावेंतून पलीकडे जात. मुंबई इलाख्यांत 1868 सालीं तरींचा कायदा झाला आणि 1875 सालीं रस्ते व पूल यांवरील टोलाचा. म्हणजे पुलांच्या पाठोपाठ टोलही आला. नावाड्यास दिलेलें भाडें कोणास फारसें जाचत नसे, टोल मात्र प्रत्येकास खुपतो. याचें कारण केवळ माणसाचा कंजूषपणा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. नावाडी आपल्या डोळ्यांदेखत वल्हें मारतो, त्याचे श्रम दिसतात. पूल एकदां उभा राहिला कीं त्याचा खर्च किती, त्यांतला वसूल किती, बाकी किती, हें नाक्यावर थांबलेल्या माणसास कोणी सांगत नाहीं. हिशेब न दाखवितां मागितलेला पैसा थोडा असला तरी बोचतोच.

टोलाच्या बाजूनें जें सांगण्यांत येतें त्यांत कांहींच तथ्य नाहीं असें मात्र नव्हे. पुलास देखभाल लागते, आणि देखभालीस पैसा लागतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील इंग्रजी अमदानींतला जुना पूल पुरांत वाहून गेला व त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या आणि त्यांतील माणसें गेलीं. जून 2025 मध्यें मावळांत कुंडमळा येथें इंद्रायणीवरील लोखंडी पूल माणसांसह कोसळला. आपल्याकडे 2025 च्या सप्टेंबरांत सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुण्याची वाट बंद ठेवावी लागली, आणि मोहोळ-माढ्याकडील मालाच्या व दुधाच्या गाड्या जेथल्या तेथें अडकल्या. असे दिवस पाहिल्यावर, चार पैसे पडले तरी चालतील पण पूल भक्कम व उंच हवा, असें कोणी म्हणाल्यास त्यास आम्ही दोष देणार नाहीं.

प्रश्न पैसा लागतो कीं नाहीं हा नसून तो कोणाच्या खिशांतून जावा हा आहे. ‘जो वापरील त्यानें द्यावें’ हें सूत्र ऐकावयास सरळ वाटतें. परंतु सोलापूरच्या बाजारांतून कांद्याची मालमोटार पुण्यामुंबईकडे निघते व सावळेश्वर आणि वरवडे येथील नाक्यांवर पैसे भरते, तेव्हां ते कोण भरतो? हात ड्रायव्हरचा, पैसा मोटारमालकाचा; परंतु मालकानें तो आधींच भाड्यांत धरलेला असतो. पलीकडील पेठेंत कांद्याचा जो भाव असेल तोच व्यापाऱ्यास मिळावयाचा, म्हणून तो येथें बोली करतांनाच भाडें वजा घालून बोलतो. सांगोल्याचा बागाईतदार स्वतःच डाळिंब पुण्यास पाठवितो तेव्हां त्याच्या पट्टींत हमाली, तोलाई व मोटारभाडें अशा रकमा दिसतात; टोल हा शब्द बहुधा तींत नसतो. तो भाड्याच्या पोटांत असतो. ज्यास आपल्या मालाचा भाव स्वतः ठरवितां येत नाहीं त्याच्यावरच असला कर शेवटीं येऊन बसतो, आणि तो शेतकरी.

सवलती मिळतात त्या कोणास, तेंही पाहण्यासारखें आहे. राज्य सरकारनें 2015 च्या जूनपासून बारा नाके बंद केले व आणखी त्रेपन्न नाक्यांवर मोटारगाड्या, एस. टी. व शाळांच्या गाड्या यांस टोल माफ केला. ऑक्टोबर 2024 मध्यें मुंबईच्या पांच वेशींवर हलक्या वाहनांस माफी झाली. 15 ऑगस्ट 2025 पासून राष्ट्रीय महामार्गांवर खासगी मोटारींकरितां 3000 रुपयांत दोनशें फेऱ्यांचा वार्षिक पास सुरू झाला. बंद झालेले नाके सोडले तर या तिन्ही वेळीं मालमोटार जेथल्या तेथेंच राहिली. मोटार बाळगणाऱ्याची तक्रार वर्तमानपत्रांत लवकर पोहोंचते. कांद्याच्या गोणीस तोंड नसतें.

ट्रॅक्टर, बैलगाडी व दुचाकी यांस महामार्गावर शुल्क नाहीं, हें आमचे कांहीं वाचक उत्तरादाखल सांगतील. तें खरें आहे. पण शेजारून सेवारस्ता असेल तर ट्रॅक्टरानें व बैलगाडीनें मुख्य रस्त्यावर येऊं नये, अशी अट त्याच नियमांत आहे. शिवाय ट्रॅक्टर नाक्यावर देत नसला तरी पंपावर देतो. 2018 पासून पेट्रोल व डिझेल यांवर रस्ते व पायाभूत सोयींचा उपकर आहे. जो ट्रॅक्टर दिवसभर नांगरट करून संध्याकाळीं गोठ्याशीं उभा राहतो, ज्याचें चाक महामार्गास लागतही नाहीं, त्याच्या डिझेलांतूनही रस्त्याचा पैसा वळता होतो. तेव्हां शेतकरी फुकट पूल मागतो, हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं.

पुलाचा टोल मोजण्याची रीतही समजून घेण्याजोगी आहे. राष्ट्रीय महामार्गावर पूल, बोगदा किंवा उड्डाणपूल असेल तर त्याची लांबी दहापट धरून शुल्क आकारीत. चाळीस किलोमीटरच्या टप्प्यांत अर्धा किलोमीटर पूल असला तर तो पांच किलोमीटर समजावयाचा, आणि वाहनानें साडेचव्वेचाळीस किलोमीटरचे पैसे द्यावयाचे. जुलै 2025 मध्यें नियम बदलला: या रीतीनें येणारी लांबी आणि सबंध टप्प्याची पांचपट लांबी, यांत जी कमी असेल ती धरावी. ‘टोल निम्म्यावर आला’ अशी त्या वेळीं वार्ता पसरली. गणित करून पाहतां, टप्प्याचा जवळजवळ निम्मा भाग पुलांचाच असेल तेथेंच याचा फायदा होतो. वरच्या उदाहरणांत साडेचव्वेचाळीस व दोनशें यांतील कमी आंकडा पूर्वीचाच राहतो. सोलापूरच्या माळावरून जाणाऱ्या रस्त्यांस ही सवलत कागदावरच आहे.

आमच्यापैकीं कांहींजणांस न रुचणारी एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. पूल झिजतो तो मुख्यतः जड चाकांखालीं. गाळपाच्या हंगामांत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या वाजवीपेक्षां कितीतरी अधिक भरून रात्रीं पुलावरून जातात, त्यांस मागें दिवा नसतो, आणि त्याच पुलाचा कठडा मोडला म्हणून आपण सरकारच्या नांवानें बोटें मोडतों. टोलाविरुद्ध बोलावयाचें तर कारखान्यांनीं व वाहतूकदारांनीं आपल्या भरण्यास आळा घालणें प्राप्त आहे.

एवढें लक्षांत घेऊनही, दूरच्या वाहतुकीच्या महामार्गावर दुसरी वाट उपलब्ध असतां पुलाचा टोल घ्यावा, याला आमचा सरसकट विरोध नाहीं. नाक्यावर खर्च व वसूल यांचा फलक मराठींत असावा, आणि शेतमालाच्या गाडीस मोटारीइतकी तरी सवलत असावी, एवढेंच आमचें म्हणणें. परंतु जेथें नदीपलीकडे जाण्यास दुसरी वाटच नाहीं, आणि ती नसण्यास सरकारचेंच काम कारण आहे, तेथें टोलाचें नांवही काढूं नये.

असें ठिकाण आपल्याच जिल्ह्यांत आहे. 1980 सालीं उजनीचें धरण पुरें झालें व भीमेच्या दोन्ही कांठच्या जमिनी, गांवें आणि जुन्या वाटा पाण्याखालीं गेल्या. करमाळा तालुक्यांतील कुगांवच्या माणसास समोर दिसणाऱ्या इंदापूर तालुक्यांत जावयाचें तर एक तर मोठा वळसा, नाहींतर होडी. 21 मे 2024 रोजीं सायंकाळीं कुगांवहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यांत उलटली. सात जणांपैकीं एक पोहून कांठास लागला. सहा बुडाले, त्यांत दोन लहान मुलें होतीं. कुगांव ते शिरसोडी असा पूल पुढें मंजूर झाला. त्यावर टोल बसवावा असें कोणी सुचविलें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण पूल झाल्यानंतर खर्चाचा आंकडा पुढें करून असली सूचना येण्यास वेळ लागत नाहीं, म्हणून आधींच बोलतों. ज्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या पाण्यानें सबंध जिल्ह्याचा ऊस पिकतो, त्यांनीं तेंच पाणी ओलांडण्यास पैसा मोजावा, हा न्याय नव्हे. तो पूल पुनर्वसनाचाच भाग मानिला पाहिजे, मग तो किती का उशिरां होईना.

स्कॉटलंडांत स्काय नांवाचें बेट आहे. 1995 सालीं तेथें पूल झाला, नाव बंद झाली, आणि पुलावर जबर टोल बसला. बेटावरील लोकांनीं तो देण्याचें नाकारलें, खटले अंगावर घेतले, नऊ वर्षें भांडण चालविलें. अखेर डिसेंबर 2004 मध्यें सरकारला पूल विकत घेऊन टोल उठवावा लागला. इतकी वर्षें भांडण्यापेक्षां पहिल्यानेंच पक्कें करून घेणें स्वस्त पडतें.

म्हणून करमाळा व इंदापूर या दोन्ही तालुक्यांतील कांठच्या ग्रामपंचायतींनीं, या पुलावर केव्हांही टोल नसावा, असा ठराव ग्रामसभेंत करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. त्याच ठरावांत होडीवाल्यांचाही विचार घ्यावा. पूल वाहता झाला कीं त्यांचें भाडें बुडणार. जलाशयांतील मासेमारींत त्यांस हक्कानें जागा मिळावी, ही मागणी त्यांच्या वतीनें शेतकऱ्यांनींच पुढें मांडावी.